दुधाशेजारची बाटली

—नाही, खुर्ची नकोच. काय ते उभ्यानेच बोला. पाणी विचारत नाही तुम्हाला, आमच्या घरचं पाणी तुम्ही पिणार थोडेच! लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा मी गाद्या उन्हात टाकत होते — साधा मंगळवार — आणि हे जिन्यावरूनच ओरडत आले, ‘विहीर स्वच्छ! किड्यांनी सगळं पेट्रोल खाल्लं!’ किडे म्हणजे तुमचे ते जीवाणू. शेजारच्या पंपाची टाकी जमिनीत गळली, तेव्हा तुम्हीच नाही का पिंपं भरभरून आणून ओतलेत? यांना तर त्यांचं जावयासारखं कौतुक. रोज सकाळी विहिरीत डोकावून विचारायचे, ‘मंडळी, जेवलात का?’ — हसू नका. यांच्या विनोदाला आता फक्त मी हसायचं.

दोन वर्षं हे प्यायले ते पाणी. मला चव आवडायची नाही, मी आपली नळाचं प्यायचे. मग यांना तो रक्ताचा आजार. आणि आता, हे जाऊन महिना झाल्यावर, येऊन सांगता की विहिरीत पेट्रोल होतंच? मग रिपोर्टात कुठे गेलं होतं? काय? तपासणीला भरलेल्या बाटलीत? बाटलीतल्या पाण्यातही जीवाणू होते, ते तिथेच खात बसले — हो, गारठ्यात गप्प राहतात, उबेत खात सुटतात, मला नका शिकवू! तुमच्या माणसाने बजावलं होतं, लॅबची गाडी येईपर्यंत बाटली फ्रीजमध्ये ठेवा. ठेवली की यांनी! दुधाशेजारी! ती घाण दुधाशेजारी तुमच्या बायकोने ठेवून घेतली असती? चार दिवस गाडीचा पत्ता नाही — मी काढून ठेवली शेगडीमागे. गाडी निघाल्याचा फोन आला तशी पुन्हा आत — हाताला गार लागायला हवी ना —

असं काय बघताय? लिहिताय काय? खोडा ते! चूक तुमची आहे. एका बाटलीवर कुणी अख्खी विहीर पास करतं? हॉस्पिटलात यांनी एकदा विचारलंही, ‘बाटली फ्रीजमध्येच होती ना गं?’ म्हटलं, तुम्हीच तर ठेवलीत. तर म्हणाले, ‘मग विहिरीचा दोष नाही.’ आणि कूस बदलली.

निघा आता. दार ओढून घ्या. त्यानंतर सोळा दिवस होते हे. शुद्धीवर होते. मी सांगितलं नाही.