शरण्याच्या रजेचं जस्टिफिकेशन

...आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, जुळं आहे का?" आता मला काय माहीत? मी काय सोनोग्राफीचं मशीन आहे? पण चेहरा इतका गंभीर, तुम्हाला सांगते, की हसायचीही सोय नाही. "नाही, जुळं असेल तर रक्कम बदलते का, एवढंच बघतोय." हे आमच्या विद्यापीठाच्या फायनान्सचे मधुसूदन सर. आणि ज्या पोटाबद्दल चाललं होतं ते माझं नाही हो, शरण्याचं! शरण्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिसरा महिना भरायचा होता. तिचा नवरा, ती आणि मी सोडून जगात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मग मी बजेट लिहिलं...

तत्त्वात माझं काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

झालं काय, मी मूळची इस्लामपूरची, एमए झाले आणि जग बदलायला चेन्नईला आले. शोळिंगनल्लूरच्या पुढे काचेच्या इमारती विरळ झाल्या की आमचं विद्यापीठ लागतं. तिथे आम्ही संशोधन करतो, म्हणजे मुख्यतः संशोधनाला पैसे द्या म्हणून प्रस्ताव लिहितो. यंदाचा विषय माझा! श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या बायकांना पीएफ, विमा, बाळंतपणाची रजा मिळते का? पैसे मागायचे दिल्लीच्या एका संस्थेकडे. आणि हे लिहिणारे आम्ही कोण? आम्हीही कंत्राटीच! अकरा महिने नोकरी, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. त्या खंडाच्या दिवशी आम्ही विद्यापीठाचे कोणी नसतो, पण काम असतंच, मग गेटवर पाहुण्यासारखं नाव लिहून आत यायचं. वॉचमन विचारतो, "कोणाला भेटायचंय?" काय सांगू? मलाच!

तर बजेट उघडलं. पगाराखाली 'कर्मचारी लाभ', आणि पुढे शून्य. पीएफ शून्य, ग्रॅच्युइटी शून्य, बाळंतपणाची रजा शून्य. मी उठले आणि सरळ शेषगिरी सरांच्या खोलीत. शेषगिरी सर आमचे प्रमुख, तंजावरचे मराठी. शरण्याही तिकडचीच. ह्या लोकांच्या घरात फार जुनी मराठी अजून चालू आहे, मधे मधे तमिळची फोडणी. मी इरा, पण सर मला लाडाने 'इरामा' म्हणतात. म्हणाले, "इरामा, तें सगळें 'आकस्मिक खर्चांत' धरलें आहे गं. लिहूं नकोस. असूं दे तसेंच."

"सर, बाळंतपण आकस्मिक? महिनोन्‌महिने आधी कळवून येतं ते!"

"अय्यो... सरी, सरी, बरें तर. घाल. पण जस्टिफिकेशन लिहावें लागेल, बघ."

हे जस्टिफिकेशन म्हणजे आमच्या धंद्यातला यज्ञ. प्रत्येक रुपया का हवा, ते लिहायचं. टॅब्लेट तीन का, दोन का नाहीत? श्रीपेरुंबुदूरला जायला गाडी का, बस का नाही? आणि ठणकावून लिहावं लागतं, नाहीतर दिल्लीवाले कात्री लावतात. मी बसले. आणि अशी पेटले, अशी पेटले... "हा खर्च काल्पनिक नाही. आमच्याच संशोधन सहायक शरण्या यांना एप्रिलमध्ये बाळ होणार असून त्यांचं कंत्राट ऑक्टोबरमध्ये संपत आहे. कंत्राटी स्त्रीच्या मातृत्वाला आपण शून्य रुपये किंमत देणार का?" वाचताना मलाच रडू आलं! स्वतःच्या बजेटवर रडलेली बाई पाहिलीय तुम्ही? मी आहे. डोळे पुसले आणि पाठवून दिलं.

नाव घालायचं नाही, हे सुचलं कसं नाही मला? त्याच प्रस्तावात मी दोन पानं लिहिली होती, की कामगार बायका नोकरी जाईल म्हणून दिवस गेल्याचं लपवतात, म्हणून कुणाचंही नाव आम्ही उघड करणार नाही! ते दुसऱ्या प्रकरणात होतं हो. बजेट सातव्या प्रकरणात.

आमच्याकडे दिल्लीला जाण्याआधी प्रस्ताव जातो 'ऑल कन्सर्न्ड' नावाच्या पत्त्यावर. म्हणजे संबंधितांना. आमच्याकडे सगळेच संबंधित! फायनान्स, एचआर, खरेदी विभाग, परीक्षा विभाग, अगदी लायब्ररीसुद्धा, कारण मजकूर कुठून चोरला नाही ना, ते लायब्ररीवाले तपासतात. त्यांचं उत्तर पहिलं आलं, तेही सगळ्यांना. "चोरी शून्य टक्के. शरण्या मॅडमचं अभिनंदन."

मी गारच पडले. मेल परत घेता येतं म्हणतात ना? घेतलं. तर सगळ्यांना दुसरं मेल गेलं, की इरा यांना पहिलं मेल परत घ्यायचं आहे. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनीही वाचलं!

पण तत्त्व बघा ना. तत्त्वात काही चूक होती का?

शरण्याच्या नवऱ्याची आत्या आमच्या परीक्षा विभागात आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सासूबाईंपर्यंत! माझ्या मेलखाली माझा नंबर असतो. फोन आला. "मी सरोजा बोलतें, शरण्याची सासू. तूं इरा काय? बरें केलेंस बाळ, आम्हांस कळलें तरी. पुढचें कांहीं असलें तर आम्हांसही सीसींत घाल हो." आणि ठेवला फोन. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग शरण्या आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मागच्या वर्षी तिला एकदा दिवस गेले होते, सगळ्यांना सांगून झालं होतं, साखर वाटून झाली होती आणि मग... म्हणून ह्या वेळी कुणाला सांगायचं नाही, असं तिने ठरवलेलं. मला तरी कुठे सांगणार होती? कॅन्टीनमधल्या कॉफीच्या वासाने पळत सुटली आणि मी तिच्या मागे पळाले, म्हणून कळलं. ती मोठ्याने बोललीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या पोटाचें जस्टिफिकेशन द्यायला तुला कोणीं सांगितलें गं?"

तिला मी म्हणाले, शप्पथ, मी हे खरंच म्हणाले, "अगं, तत्त्व म्हणून..."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. डाळिंबं नेऊन ठेवली टेबलावर, ती परत माझ्या टेबलावर आली. सोललेली असती तर म्हटलं असतं, निदान हात तरी लावला.

आणि एचआरने तिची ऑक्टोबरनंतरच्या नेमणुकीची फाईल थांबवली. "स्पष्टता येईपर्यंत." स्पष्टता! सगळ्या विद्यापीठाला तारीख माहीत, अजून किती स्पष्टता हवी? मी सरांकडे धावले. सर चष्मा पुसत बसले होते. "आधींच्या दोघींस मीं घरून काम दिलें, इरामा. पगार चालूच. कोणीं विचारलें नाहीं, मीं सांगितलें नाहीं. हिलाही तसेंच दिलें असतें. आतां सगळ्यांस ठाऊक. आतां मी काय करूं, सांग." हे होतं त्यांचं 'आकस्मिक'! आणि मी घरी त्यांना भित्रे म्हणत होते, आईला फोनवर, रोज.

तिथून तडक एचआर. टेबलावर हात आपटला. "शरण्याला काढलंत तर मी राजीनामा देईन!" तिथल्या बाई कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाल्या, "मॅडम, तुमचंही कंत्राट त्याच दिवशी संपतंय. राजीनाम्याची गरज नाही." हात दुखला तो वेगळाच.

मग दिल्लीचं पत्र आलं. मंजूर! सरांची परदेशातली परिषद उडवली, एक टॅब्लेट उडवला, आणि बाळंतपणाची रजा मात्र पूर्ण मंजूर. शेरा काय, तर "कर्मचारी लाभांची तरतूद अनुकरणीय." मला वाटलं, जिंकलो! शरण्याकडे पाहिलं. ती स्टेपलरमध्ये पिना भरत होती.

आणि शरण्याची फाईल कुणी सोडवली, माहितीये? मधुसूदन सरांनी! कारण मंजूर झालेले पैसे खर्च झाले नाहीत तर परत पाठवावे लागतात, वर का खर्च झाले नाहीत त्याचं स्पष्टीकरण. स्पष्टीकरणाला ते डासांपेक्षा जास्त भितात. स्वतः एचआरमध्ये जाऊन बसले. "ह्या मॅडम गेल्या तर ही रक्कम खर्च कोण करणार? तुम्ही?" दुपारपर्यंत नेमणूक हातात. माझ्या भाषणाने नाही, राजीनाम्याने नाही... पैसे परत जाऊ नयेत म्हणून! तरी मी म्हणते, तत्त्व... जाऊ दे.

पण मधुसूदन सर तेवढ्यावर थांबतात होय? काल आले आमच्या खोलीत. आधी शरण्याला, अगदी हात जोडून, "मॅडम, एप्रिलच्या ऐवजी मार्चमध्ये नाही का जमणार? आर्थिक वर्षात बसलं असतं." ती खाली मान घालून टाइप करत राहिली. मग पत्र चाळत म्हणाले, "आणि दुसऱ्या वर्षातही एक बाळंतपण मंजूर आहे. तिसऱ्यातही." मी एक्सेलमध्ये तो आकडा पहिल्या रकान्यातून तिन्ही वर्षांत ओढला होता हो! आकडा ओढला की वर्षं भरत जातात, त्यात विचार करायला कुठे जागा असते? "तर दुसऱ्या वर्षासाठी कोणाचं नाव लिहू?"

माझं लग्न नाही, ठरलेलं नाही, कुणी बघितलेलंही नाही. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शरण्याने मान वर केली. त्यांना तमिळमध्ये म्हणाली, आणि माझं तमिळ कच्चं असलं तरी एवढं कळलं.

"इराचं नाव लिहा, सर. जस्टिफिकेशन मी देते."

म्हटलं, लिहा. सगळ्यांना पाठवा.