मामाची बस

नातीला सरकारी नोकरी लागली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते, आठवतं ना? ट्रक-बस रस्त्यावर धावायला धड आहेत का, ते तपासायचं काम तिचं. तर माझ्या बाळूच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड बाळूच्याच बसनं निघालं, मीही आत होते. हडपसरच्या पुढं खाकीतल्या बाईनं हात केला. बघते तर आमची शीतल!

"मामा, संकटकाळचं मागचं दार उघडून दाखव."

"अगं, तिथं रुखवत रचलंय. लाडवांचा मनोरा मोडेल."

"मोडू दे."

रुखवत खाली उतरवलं, तर दार वेल्डिंग करून बंद केलेलं!

"सारखं खडखडायचं गं," बाळू म्हणाला.

"ही बस पुढं जाणार नाही."

"शीतल, मुहूर्त टळेल!"

"टळू दे. आत माझी आजी बसलीये."

दुसरी बस येईपर्यंत मुहूर्त टळलाच. शीतलचं काही चुकलं नाही, हे मला कळतं हो. पण बाळूनं शीतलशी आणि तिच्या आईशी बोलणंच टाकलं. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात ना? यंदा माझ्या लेकीनं चंद्राला ओवाळलं. सख्खा भाऊ हडपसरात असताना.