सासूबाईंनी उचललेला ठोकळा

तुम्ही सासऱ्याला भिताय व्हय? मग माझ्या सासूबाईंना माहजोंग खेळताना बघा! सासरे फौजेतनं रिटायर झाले ते हा चिनी खेळ घेऊनच राजारामपुरीत आले. रमीसारखंच जुळवायचं, फक्त पत्त्यांऐवजी ठोकळे, आणि एकानं टाकलेला ठोकळा लागत असंल त्या कुणालाही उचलता येतो. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलतो, तर सासूबाई म्हणाल्या, "बसा पावणं, शिकवते." ते दोघं, मी आणि आमची ही, असे चौघं बसलो.

थोड्या वेळानं मला पाहिजे तोच ठोकळा आला. डाव लागला की! पण होणाऱ्या सासूला पहिल्याच दिवशी हरवायचं कसं? दिला टाकून. त्यांनी झडप घालून तोच उचलला, जिंकल्या, आणि लेकीला घेऊन खुशीत च्या करायला आत गेल्या.

सासऱ्यांनी गपकन माझे ठोकळे उलटे केले. "अवो, तो तर तुमालाच लागत हुता! मुद्दाम टाकलासा?"

मी मनात म्हटलं, झालं, मोडलं लग्न. कसाबसा बोललो, "व्हय."

त्यांनी स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली आणि हळूच आपले ठोकळे उघडले.

"मलाबी तोच पायजे हुता. किती वर्सं एकटाच हरतोय बघा. बरं झालं, आलासा!"