नातीचं गाव

सांगते, पण हसू नका बायांनो. नात जर्मनीत बाळंत झाली, म्हणून डिंकाचे लाडू घेऊन मी शेलूबाजारच्या पोस्टात गेली. तिथल्या बाईनं कंप्युटरात पत्ता टाकला अन् म्हणे, "आजी, असं गावच नाही."

मी म्हटलं, "गाव नाही, त मंग माही नात कुठं नांदून राह्यली?"

"थांबा, तिथले लोक नाव येगळं लिहत असतीन. तसं शोधून पाह्यते."

इकडं मी नातीले फोन लावला, त तो नुसता वाजून राह्यला.

"आजी, सापडलं गाव!"

"तुले गाव सापडलं बाई, पण माही नात?"

तेवढ्यात तिकडून फोन उचलला. नात बोलाच्या आधी लेकरानंच भोकाड पसरलं. मी डोळे पुसले अन् म्हटलं, "बांध आता पार्सल."