राउटरचा आराम

सर्व्हरचं नाव काढू नका, टाळकं सरकते माझं. रामदासपेठेतल्या लॅबचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. तिथलं नेट मधातच तुटे, म्हणून ते आपोआप परत जोडणारी स्क्रिप्ट मी सुटीचा दिवस घालवून बसवली. तं त्या हप्त्यापासून रोज भर दुपारी नेट गायब. रिपोर्ट अडकले की डॉक्टर मलेच झापून राहिले. शेवटी दुपारी स्वतःच गेलो, तं मॅनेजर काका राउटर बंद करून निवांत डबा खाऊन राहिले.

"काका, हे काहून बंद केलं?"

"तापते ना गा उन्हानं. जेवणभर आराम देतो बिचाऱ्याले."

"अन् पेशंटचे रिपोर्ट?"

"तूच तं म्हणाला, आता नेट आपोआप येते. आधी मले बंद करायचं भेव वाटे."