पडद्याचं माप

नाही हो साहेब, पातळ घेऊ नका. मी आपला धंदा म्हणून सांगत नाही — बरं, धंदा म्हणूनच सांगतोय म्हणा, पण खरं तेच सांगतोय. हा बघा पातळ. ह्याच्यामागे हात धरा. धरा की. बोटं मोजता येतात की नाही? आणि आता हा जाड. दिसतंय काही? ह्याला म्हणायचं पडदा. तो मघाचा म्हणजे खिडकीला घातलेलं नुसतं झबलं. तुमच्या कचेरीच्या तिन्ही खिडक्या रस्त्यावर, आत बाकावर नोंदणीला आलेली माणसं खाली मान घालून बसलेली, आणि बाहेरून येणारा-जाणारा मान वाकडी करकरून बघतोय — अरे, ही तर गिरणीवाल्याची सून! हा मास्तर पण त्यांच्यातला का! — नको वाटतं हो ते. तुमच्या वरच्यांनी पडदे लावा म्हटलं, फार चांगलं केलं. नोंदणी काय, लोकांच्या सोयीसाठीच आहे, तुम्हीच पत्रकात छापलंय. पण सोय झाली तरी ती चारचौघांत होऊ नये. माणूस दाढीला बसतो तोसुद्धा आरशाकडे तोंड करून, रस्त्याकडे नाही.

चहा घ्या. नियमात बसत नाही? मग चहा समजू नका, गरम पाणी समजा, रंग त्याला आपोआप आलाय. हां, असं. बाजारात साहेब लोक फार येतात, पण चहा घेताना इकडं-तिकडं बघणारे तुम्ही पहिलेच. म्हणजे माणूस चांगला आहे. नोंदणीवाल्यांविषयी लोक काहीबाही बोलतात, मी म्हणतो, अरे, सरकारला आपल्यातलं कोण कोण आहे हे कळायला नको? दुकानदाराला कपाटात काय आहे ते माहीत असावं लागतं. आता दुकानदार माल मोजतो तो विकायला, तुम्ही कशाला मोजता, ते काही मला समजत नाही, पण मी शिकलेला कुठं आहे! मीही कागद भरला ना. सगळ्या बाजारानं भरला. पंथाचा रकाना आला तिथं मी आडवी रेघ ओढली. वडील सांगायचे, काय लिहावं ते कळेना की रेघ ओढावी, रेघेला धर्म नसतो.

ते शेजारचं? ते बंदच असतं हल्ली. बटणवाल्याचं दुकान. दुकान कसलं, दोन छत्र्या उघडल्या तर तिसरी मिटावी लागेल एवढी जागा, पण भिंतभर बाटल्या आणि बाटल्यांत बटणं — शिंपल्याची, हाडाची, पितळेची. त्या माणसाची एक गंमत सांगतो. मुठीत बटणं घ्यायचा, नुसती हलवायचा, कानाशी धरायचा आणि सांगायचा, इतकी. ओतून मोजा, तितकीच! आम्ही पैजा लावायचो. मी एकदा लबाडी केली, त्याच्या मुठीत एक हरभरा सरकवला. तर म्हणतो कसा, 'बटणं अमुक, आणि शेटजी, तुमचं दुपारचं जेवण एक.' असा माणूस. मोजण्यात कधी म्हणून चुकला नाही.

मग काय झालं म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? तुमच्याच कचेरीतली गोष्ट, पण असो, मोठ्या घरात डाव्या हाताचं उजव्याला कळत नाही. त्यानंही कागदावर रेघच ओढली होती. एक दिवस एक गृहस्थ आले, तुमच्यासारखेच सभ्य, अगदी असेच बूट. म्हणाले, कोटाची डझनभर बटणं द्या, आणि माझ्यासमोर मोजून द्या. हा बसला मोजायला — 'त्याचं, दोन, तीन, चार…' झालं! आता तुम्ही नवे असाल तर सांगतो, तुम्ही बाकावर बसवता ना, त्या पंथाची माणसं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. पहिलं माप वरच्याचं, म्हणून 'त्याचं'. पीठ असो, कापड असो, बटणं असोत. लहानपणी जिभेला लागतं ते जात नाही. त्या गृहस्थांनी बटणं खिशात टाकली आणि दुसऱ्या खिशातून निळी पट्टी काढून दाराला चिकटवली. चिकटवली म्हणजे अशी की नंतर खरवडली तर रंग निघाला, पट्टी नाही निघाली. मग काय, गिऱ्हाईक दारापर्यंत यायचं, पट्टी बघायचं आणि त्याला एकदम आठवायचं की घरी बटणं आहेत. मग परवान्याची फेरतपासणी निघाली. मग शटर. आता तो गावाबाहेरच्या त्या वसाहतीत असतो, बहिणीकडं. तिथं दिवे लागायच्या आत हजेरी द्यावी लागते म्हणे. हजेरीला त्याचा नंबर आहे. बघा काळ कसा असतो, जन्मभर मोजणाऱ्यालाच मोजून ठेवलं.

छे छे, तक्रार कसली! मी आपलं गंमत म्हणून सांगितलं. द्या ते माप. एका खिडकीला चार मीटर, तीन खिडक्या. हा घेतला तागा.

तोंडी मोजू? ते कशाला? मी मनात मोजतो साहेब, पहिल्यापासून. गिऱ्हाइकाशी बोलायला तोंड मोकळं राहतं. आजवर कुणी तक्रार — नियम आहे? सरकारी माल मोठ्यानं मोजायचा, साक्षीदारासमोर. बरं. नियमापुढं शहाणपण नाही. ऐका मग. एक… दोन… तीन… चार. झालं तुमच्या मनासारखं? अगदी शाळेतल्यासारखं म्हटलं. ही एक खिडकी. कात्री कुठं गेली — हं.

आता दुसरी. जाड कापडावरून आठवलं, ऐका. मागं एक बाई आल्या होत्या, निळ्या फुलांचा पडदा घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची शेजारीण आली, मला तोच हवा. मी म्हटलं, बाई, दोन दारांना एकच पडदा नका लावू, घोटाळा होईल. ऐकतात कुठं! आणि चौथ्या दिवशी पहिलीचा नवरा कामावरून दमून आला, पडदा बघितला, आत शिरला, हातपाय धुतले आणि बसला की पाटावर शेजारच्यांच्या घरात! आणि खरी गंमत पुढंच — त्यांनी मुकाट वाढलं! अर्धं जेवण झाल्यावर तो म्हणतो, आज आमटीत मीठ बरोबर पडलंय, आणि तेव्हा कुठं त्यानं मान वर केली! हा-हा! सांगायचा मुद्दा काय, बाहेरून सगळी घरं सारखीच, आत गेल्याशिवाय — हे धरा जरा टोक — त्याचं… दोन… तीन…

काय?

काय झालं, कप का ठेवलात? थंड झाला असेल, दुसरा सांगतो — आँ? मी काय म्हटलं? नाही हो. 'एक' म्हटलं. म्हटलं असेल तसं, तर आत्ताच त्याची गोष्ट सांगितली ना तुम्हाला, नक्कल केली, ती बसली जिभेवर. एखाद्या तोतऱ्याची नक्कल केली की दोन वाक्यं आपणही तोतरं बोलतो की नाही? तसंच. सुतावरून स्वर्ग गाठायला कापडाच्या दुकानात कशाला यायला हवं! आणि शेजार किती वर्षांचा, त्याची सवय आम्हाला, आमची त्याला. आई तर पीठसुद्धा तसंच मोजायची — म्हणजे तिला शेजारणीमुळे… बटणवाल्याच्या आईमुळे… आम्ही लहान असताना दोघी एकाच ठिकाणी जायच्या, दर आठवड्याला, डोक्याला तो पांढरा रुमाल बांधून, आणि आम्ही दोघं पोरं पायरीवर बसून चपला मोजायचो.

बोललो ना मी जास्त? आमची बायको म्हणते ते खरं आहे, 'तुम्हाला गिऱ्हाईक नसलं तरी चालतं, कान लागतात.'

ती पिशवीतून काढता आहात ती पट्टीच ना? निळी. कापड बरं आहे. सरकारनं कुठून घेतलं? नाही, सहज.

बाजारात आणखी कोण? हां. हे विचारणारच तुम्ही. त्यालाही विचारलं होतं. मला कसं माहीत म्हणजे? मधली भिंत बघा, एका विटेची आहे. पलीकडं बटण पडलं तरी इकडं कळतं. ते गृहस्थ त्याला म्हणाले, ह्या ओळीत तुमच्यातलं आणखी कोण आहे सांगा, तुमची पट्टी काढून टाकू, परवाना परत देऊ. मी इथंच उभा होतो, ह्याच जागेवर, ही मीटरपट्टी हातात धरून. आणि तो म्हणाला, 'मी एकटाच.' मूठ कानाशी धरून बटणं सांगणारा माणूस, साहेब! जन्मात एकदाच मोजायला चुकला. आणि तेव्हापासून मी मनात मोजायला लागलो — पहिल्यापासून म्हटलं मघाशी, ते खोटं होतं, तेवढं खोडा.

तर माझं उत्तर लिहून घ्या. मी एकटाच. ह्या ओळीत तो नव्हता त्यावेळी मी एकटा, मी नव्हतो त्यावेळी तो एकटा. बसतंय ना हिशेबात? नसेल बसत तर तुमचे साहेब बसवतील.

पट्टी दाराला नको, त्या काचेला लावा. तिथं उजेड पडतो. शिकलेल्यांनाही वाचता आलं पाहिजे.

आणि हे कापड राहू द्या. नाही, जाड देत नाही. संपलं. हो, समोर आहे, दिसतंय मला. संपलं म्हणजे संपलं. ती एक खिडकी कापलीय, तिची मी उशीची खोळ करीन. तुम्ही पातळ घेऊन जा, ते वाटेल तेवढं आहे. मघाशी मी चुकीचं सांगत होतो तुम्हाला, माणसाला लाज असते वगैरे. उद्या मी तिथं बाकावर बसलो की रस्त्यावरनं सगळ्यांना दिसू दे — कोण बसलंय, आणि कोण बसवतंय.

चार, चार, चार. घ्या. तोंडीच मोजलं.

या आता. दुकान बंद करायचंय.