गोठ्यामागची माती

पडघ्याच्या थांब्यावर भिवंडीची एसटी काही येईना. शुभदाबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली, कारण मागच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं त्याहून रंगलं होतं.

“माती तपासायला नेताना कोनी पिशवी अशी छातीशी धरतं का?”

“सांडली तर? गोठ्यामागची काळीभोर माती हाय, कमळे. सायेब बघत राहील.”

“मागच्या सालीबी तीच नेली. जमीन उत्तम, खताची गरज न्हाय, असं लिहून आलं.”

“मंग? गावात कोनाचा एवढा चांगला रिपोर्ट आला?”

“आन् माळावरचा वाल पिवळा पडला त्याचं काय? तिथं ना पानी, ना कस. शेंगच धरली न्हाय.”

“म्हनून परक्या मानसाला वाईट माती दाखवायची? पाव्हन्याला फुटक्या कपात चाय देतेस का?”

“म्हनूनच मी बदलली.”

“काय बदललीस?”

“पिशवीतली माती. सकाळी तुम्ही दाढी करत व्हता तवा. माळावर जिथं जिथं वाल सुकला, तिथली थोडी थोडी खनून भरली.”

“ती तांबडी, खड्यांची?”

“तीच.”

शुभदाबाईंनी मान न वळवता चष्मा पुसला. वळणावर एसटी दिसली.

“आन् माझी गोठ्यामागची?”

“वांग्यांना घातली.”

छातीशी धरलेली पिशवी नवऱ्याने हळूच खाली पायाशी ठेवली.

“पिशवीवर नाव कोनाचं टाकलंस?”

“तुमचंच.”

“ते खोड. तुझ्या भावाचं टाक.”